गुरुवारचा दंड

आमच्या वाचनालयाच्या यंदाच्या वार्षिक सभेत चहा यायच्या आधी एक गृहस्थ उठले आणि टाइप केलेला कागद त्यांनी सगळ्यांना वाटला. मथळा होता, ‘शिस्त आणि स्वावलंबन’. हे दोन शब्द शेजारी शेजारी आले की कुणाच्या तरी खिशाला हात लागणार, एवढं दापोडीत बेचाळीस वर्षं राहून मला कळायला लागलंय. लागलाच. विलंबशुल्क दिवसाला १ रुपया आहे ते ५ करावं, अनामत दुप्पट करावी आणि वर्गणी ‘बाजारभावाने’ घ्यावी. पुस्तकं भाड्याने देण्याचा बाजार दापोडीत नेमका कुठे भरतो, हे कागदात नव्हतं.

गृहस्थांचं नाव सांगत नाही. असे गृहस्थ प्रत्येक वाचनालयाच्या सभेत एक तरी असतात, नाव सांगितलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. त्यांचं म्हणणं असं: फुकटात मिळालं की माणसाला किंमत राहत नाही. पॉपकॉर्नला तीनशे मोजणाऱ्याला पुस्तकाचे पाच जड का व्हावेत? दंडाशिवाय आपला माणूस वठणीवर येत नाही. सरकारी अनुदानावर जगणं म्हणजे भीक मागणं. आणि परदेशात असलं काही खपवून घेत नाहीत. भाषण बावीस मिनिटं चाललं, पण त्यात माल एवढाच.

पॉपकॉर्नचं लगेच निकालात काढतो. पॉपकॉर्नला तीनशे देणारा आमच्या वाचनालयाची पायरी चढत नाही, तो पुस्तक घरपोच मागवतो आणि बहुधा वाचत नाही.

अनुदानाला भीक म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास वाचावा, तोही आमच्याकडे मिळतो. स्वतंत्र भारतातला ग्रंथालयांचा पहिला कायदा मद्रासचा, १९४८चा. त्याने घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला तेव्हा उपकर बसवला नाही. राज्याच्या तिजोरीतून मान्यताप्राप्त वाचनालयांना अनुदान द्यायचं, अ, ब, क, ड असे वर्ग लावून द्यायचं, अशी वाट धरली. म्हणजे जे दुसरीकडे लोक वेगळं भरतात ते आपण सगळ्या करांत मिसळून भरतो. आपलेच पैसे परत घेताना माणूस हात पसरतो तो घ्यायला, मागायला नव्हे. गोव्याने तर १९९३च्या कायद्यात मद्यावर अधिभार लावून ग्रंथालयांची सोय केली. तिथे पिणारा वाचणाऱ्याला पोसतो. आमच्या गृहस्थांना वाचणाऱ्यानेच वाचणाऱ्याला पोसायला हवंय, तेही उशिरा वाचणाऱ्याने.

परदेशाबद्दल म्हणाल, तर गृहस्थांचा परदेश १९८५च्या आसपास थांबलेला दिसतो. आयर्लंडने सार्वजनिक ग्रंथालयांतले विलंबदंड २०१९च्या जानेवारीत बंद केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागोने केले, २०२१च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कने. शिकागोत पहिल्या काही आठवड्यांत परत येणाऱ्या पुस्तकांची संख्या २४० टक्क्यांनी वाढली. वर्षानुवर्षं घरात दडवलेली पुस्तकं लोकांनी आणून दिली. चोर होते का ते सगळे? नव्हते. घाबरलेले होते.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. सभेत मला तीन मिनिटं मिळाली होती, इथे ती अडचण नाही.

मी तेहेतीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली. दर आठवड्याला पाळी बदलायची, फर्स्ट, सेकंड, थर्ड. आमचं वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. कागदावर किती सोयीचं! फर्स्टचा माणूस सहाला घर सोडतो, तेव्हा वाचनालयाला कुलूप. संध्याकाळी येऊ म्हणावं, तर रिलिव्हर आला नाही की डबल पडते. सेकंडचा माणूस रात्री साडेबाराला घरी येतो आणि सकाळी पोरांची शाळा, रेशन, आईचा दवाखाना यांत अकरा वाजतात. थर्डचा माणूस त्या वेळी झोपलेला असतो, आणि त्याला उठवून पुस्तक परत करायला पाठवणारी बायको अजून जन्मायची आहे. चाकणच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांचं तर विचारूच नका. त्यांची बस मोशी आणि भोसरी पार करून नाशिक फाट्याला येईपर्यंत आमचे ग्रंथपाल शटर ओढत असतात.

मग सुट्टीच्या दिवशी यावं. बरोबर. या पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. आणि आमचं वाचनालय आठवड्यातून एक दिवस बंद असतं तो दिवस गुरुवार.

हे मी मुद्दाम सावकाश लिहितोय, कारण सभेत सांगितलं तेव्हा गृहस्थांना ते विनोदी वाटलं. कामगाराला जो एक दिवस मोकळा, त्या दिवशी दार बंद ठेवायचं, दुसऱ्या दिवशी तारीख उलटली म्हणून रुपया घ्यायचा, आणि त्याला शिस्त म्हणायचं. गृहस्थ स्वतः निवृत्त आहेत, वाचनालयापासून तिसऱ्या इमारतीत राहतात आणि रोज पाच वाजून पाच मिनिटांनी वर्तमानपत्राच्या टेबलावर हजर असतात. त्यांना आयुष्यात कधी दंड झाला नसेल. ज्याच्याकडे वेळ आहे त्याला दंड नाही, ज्याच्याकडे नाही त्याला आहे. हा दंड उशिराचा नाहीच, पाळीचा आहे.

आणि त्या दंडाने पुस्तक तरी परत येतं का? मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात मी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा चाळत होतो. त्यात एक कादंबरी निघाली. वेष्टन नाही. पहिलं पान ब्लेडने कापलेलं. शेवटच्या पानावर तारीखपट्टी होती ती पाणी लावून खरवडलेली, तिथला कागद सोललेल्या कातडीसारखा झालेला. पण वाचनालयाचं एक गुपित पान असतं. दाखल करताना आतल्या ठरावीक पानावर शिक्का मारून ठेवतात, म्हणजे बाहेरचं सगळं फाडलं तरी ओळख राहते. (आमचं पान कितवं ते इथे सांगणार नाही.) मी ते पान उघडलं. जांभळा गोल शिक्का जसाच्या तसा. पुस्तक आमचंच. रद्दीवाल्याने काट्यावर टाकलं, सोळा रुपये झाले.

सोळा रुपयांसाठी इतकी मेहनत चोर करत नाही. ब्लेड आणि ओला बोळा घेऊन बसलेला तो माणूस कर्ज पुसत होता. तारखा उलटत गेल्या, रोज रुपया चढत गेला, एके दिवशी आकडा पुस्तकाच्या किमतीशी भिडला, आणि त्यानंतर ते परत करणं म्हणजे आपणहून पकडलं जाणं. दिवसाला पाच रुपये करा, तो दिवस पाचपट लवकर येईल.

मला हे कळतं, कारण मीही त्यातलाच. १९८६च्या पावसाळ्यात सलग थर्ड पाळ्या पडल्या आणि एक पुस्तक सत्तर दिवस घरी राहिलं. तेव्हा दंड दिवसाला १० पैसे होता, म्हणजे सात रुपये. सात रुपये मला देता आले असते. पण ते वाचनालय, जे आज नाही, तिथल्या खिडकीतले कारकून दंड मोठ्याने वाचून दाखवायचे, रांगेला ऐकू जाईल असा, नावानिशी. मी गेलोच नाही. पुस्तक माळ्यावर गेलं, आणि मी पुढची सहा वर्षं कुठल्याच वाचनालयाचा सभासद नव्हतो. सात रुपयांपायी त्यांनी सहा वर्षांची वर्गणी घालवली. शिस्त मला लागली नाही, लाज लागली.

दुसऱ्या टोकाला आमच्याकडे असेही एक सभासद आहेत, जे नवी कादंबरी आली की दीड महिना ठेवतात आणि दंडाची रक्कम हसत मोजतात, हॉटेलचं बिल चुकतं करावं तशी. मागे रांगेत अकरा जण नंबर लावून बसलेले असोत. इस्रायलमधल्या हैफा शहरात १० पाळणाघरांत एक प्रयोग झाला होता, त्यावरचा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत दंड लावला. तिथे उशीर कमी झाला नाही, जवळपास दुप्पट झाला. आधी पालकांना बाईंची भीड वाटायची, आता पैसे टाकले की भीड संपली. नंतर दंड काढून घेतला तरी उशीर पूर्ववत झाला नाही. हा शेवटचा भाग माझ्या बाजूचा नाही, पण लपवत नाही. पाच रुपयांनी आमचे हे सभासद सुधारणार नाहीत. ते पंचवीसही देतील, आणि पावती मागून घेतील.

पावतीवरून आठवलं. अहवालात जमाखर्च छापला होता, तोही गृहस्थांनी वाचलेला नसावा. वर्षभरात जमलेल्या दंडापेक्षा जुन्या वर्तमानपत्रांच्या रद्दीचे पैसे जास्त होते. स्वावलंबनच करायचं तर रद्दीवर करा.

ही वृत्ती नवी नाही. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे वाद झाला होता की कपाटं उघडी ठेवावीत की कुलपात. वाचकाने आत जाऊन स्वतः पुस्तक चाळून निवडावं, ही मुक्तद्वार पद्धत. तेव्हाही असेच एक गृहस्थ होते आणि असाच एक कागद होता. ‘उघडं ठेवलं तर चोऱ्या होतील, आपल्या लोकांना सवय नाही.’ मतदान झालं, कुलपं राहिली. किल्ल्या सांभाळायला एक समिती नेमली आणि किल्ली हरवल्यास काय, यासाठी उपसमिती. चोर आले नाहीत, वाळवी आली. खालच्या दोन फळ्या उघडल्या तेव्हा पुठ्ठे शाबूत होते आणि आत पानांच्या जागी माती. एकही पुस्तक हरवलं नाही म्हणून त्या वर्षी अहवालात समाधान व्यक्त केलं होतं. तो वाद मी हरलो होतो आणि अजून विसरलेलो नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल.

थकबाकीच वसूल करायची हौस असेल तर मोठं काम आहे. या दापोडीत मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता आणि १८२८ साली इथे वनस्पतींची सरकारी बाग उभी राहिली. १८४७ ते १८५० या काळात तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रं काढून घेतली. चित्रकाराचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. चित्रं आज एडिनबर्गच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. दिवसाला ५ रुपयांनी विलंबशुल्क लावलं तर एकेका चित्राचे तीन लाखांच्या आसपास होतात. गृहस्थांनी पावतीपुस्तक घेऊन जावं.

‘मग तुमचं म्हणणं काय?’ असं सभेत अध्यक्षांनी विचारलं. कबूल करतो, तिथे मी जरा गडबडलो. पाडायला जेवढी तयारी केली होती तेवढी बांधायला केली नव्हती. घरी येऊन विचार केला तो असा.

रोजचा दंड बंद करावा. पुस्तक आलं नाही तोवर पुढचं मिळणार नाही, बस्स. दीड महिना कादंबरी दाबून ठेवणाऱ्या सभासदांना हे पाच रुपयांपेक्षा जास्त लागेल, कारण तिथे पैशाने सुटका नाही. पुस्तक हरवलं तर तेच पुस्तक आणून द्यावं, नाही तर त्याची किंमत भरावी. पवनेचं पाणी चढून काठच्या वस्तीत शिरलं आणि त्यात पुस्तक भिजलं, तर तेही नको. अनामत राहू द्या, पण दोन-तीन हप्त्यांत घ्या आणि सोडताना खळखळ न करता परत द्या, मुलांकडून घेऊच नका. वर्गणी आहे ती राहू द्या, ती कुणाला जड नाही. दारात एक पेटी ठेवा, कुलूपबंद, वर फट असलेली, म्हणजे रात्री साडेबाराला सेकंडवरून येणारा माणूस पुस्तक टाकून जाईल. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. त्यांची तसबीर आमच्या देवघेव खिडकीच्या वर लावलेली आहे, दरवर्षी १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला हार पडतो, आणि खाली दंडाची पावती फाडली जाते.

आणि गुरुवारी वाचनालय उघडावं. बंद ठेवायचंच असेल तर सोमवारी ठेवावं. गृहस्थांना सोमवारी वर्तमानपत्र वाचायला मिळणार नाही, तेवढा दंड त्यांनी सोसावा.

पैसे कुठून येणार, याला माझ्याकडे फार मोठं उत्तर नाही. दंड जाऊन जी खोट येईल ती दिवाळी अंकांच्या योजनेला पंधरा-वीस जास्त सभासद मिळाले तरी भरून निघेल. ते मिळवून द्यायची जबाबदारी मी सभेत हात वर करून घेतली आहे आणि आतापर्यंत सात नावं झाली आहेत, त्यांतली तीन घरातली.

प्रस्ताव दोन्ही बाजूंनी तहकूब झाला. त्यावर विचार करायला कार्यकारिणीची खास बैठक बोलावली आहे, परवा सकाळी साडेदहाला, वाचनालयातच. परवा गुरुवार आहे. वाचकांची वर्दळ नसते म्हणून तो दिवस सगळ्यांना सोयीचा पडला. कुलूप उघडायला गृहस्थ स्वतः येणार आहेत, त्यांना किल्ली देऊन ठेवली आहे.