मतभेदाचे पत्र आणि आपले उत्तर

आपल्या मुखपत्राकडे येणाऱ्या पत्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. काही साथी लेखाशी पूर्ण सहमती कळवतात, तर काहींच्या पत्रात 'परंतु' हा शब्द असतो. सहमतीच्या पत्राला आपण आभाराच्या चार ओळी लिहितो आणि 'परंतु'ला ठरावातील एखादा परिच्छेद उतरवून पाठवतो. या दोन्ही उत्तरांत विचार नसतो.

२०१७ साली शेतकरी संपानंतर महाराष्ट्रात कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हा एका शेतमजूर साथीचे पत्र आले. ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याला बँक दारात उभे करत नाही, ज्याचे सारे देणे सावकाराचे, त्याला या माफीतून काय मिळाले, असा त्यांचा प्रश्न होता. वरिष्ठांसाठी भाषांतर करताना मी तो 'माफी अपुरी असल्याची भावना' एवढ्यात बसवला. भाषांतर शुद्ध झाले. प्रश्न मात्र नाहीसा झाला. साहजिकच उत्तर गेले ते माफीच्या रकमेविषयी. त्या साथीने पुन्हा लिहिले नाही. हा दोष माझा होता.

१८७५ साली गोथा येथील ऐक्य कार्यक्रमाचा मसुदा मार्क्सने तपासला, तो स्वतःच्याच मित्रांचा होता. तरीही त्याने एकेका वाक्याची चिकित्सा केली. ती टिपणे एंगल्सने १८९१ साली नेत्यांची नाराजी पत्करून प्रसिद्ध केली. उलटपक्षी, ड्यूरिंगचे खंडन करताना एंगल्सने केवळ प्रहार केले नाहीत. आपली भूमिका सांगोपांग मांडली. मित्राची चिकित्सा आणि विरोधकाला सविस्तर उत्तर, ही आपली परंपरा आहे.

यावर कोणी म्हणेल, अशाने शिस्त ढिली होईल. पण लोकशाही केंद्रीकरणात कृतीची एकजूट चर्चेनंतर येते, चर्चेऐवजी नव्हे. भांडवली वृत्तपत्रांचा अपप्रचार आणि शाखेतील साथीची शंका एकाच तराजूत तोलणे ही राजकीय चूक आहे.

म्हणून उत्तर लिहिण्यापूर्वी साथीचा प्रश्न त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवावा. त्याचे म्हणणे बरोबर असेल तर ते याच पानावर मान्य करावे. चूक असेल तर कारणे द्यावीत. आणि सहमती कळवणाऱ्याला विचारावे: साथी, तुमच्या शाखेत या भूमिकेवर कोणते काम सुरू झाले? त्याचे उत्तर आले, तरच ती सहमती खरी.