पाकीट कोणी फोडायचे?

आमच्या घरी एक शिस्त होती : दुसऱ्याच्या नावाचे पत्र फोडायचे नाही. आईच्या माहेरचे आंतरदेशीय वडीलसुद्धा तसेच कोनाड्यात ठेवत. सरकारला ही शिस्त कधी मानवली नाही. आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी टपाल अडवण्याची सोय १८९८ च्या कायद्यात होतीच. ती आणखी रुंदावणारे विधेयक संसदेने १९८६ मध्ये मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. परतही पाठवले नाही! ‘इंदिरानिष्ठ’ म्हणून ज्यांची थट्टा होई, त्या माणसाने हे केले. अखेर २००२ मध्ये ते मागे घेतले गेले.

पण डिसेंबर २०२३ मध्ये नवा टपाल कायदा झाला. राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, इतकेच काय, कोणत्याही कायद्याचा भंग, अशा कारणांसाठी केंद्राने नेमलेला अधिकारी टपाल उघडू शकतो. न्यायाधीशाच्या परवानगीची अट नाही. अतिरेक्यांचे टपाल उघडू नये, असे मी म्हणत नाही. पण त्याआधी सरकारबाहेरच्या कोणाला तरी विचारायला काय हरकत आहे?

‘आता पत्रे लिहितो कोण?’ असे शेजारी म्हणतात. खरे आहे. पण पासपोर्ट आणि बहिणीची राखी आमच्याकडे अजून पोस्टमनच आणून देतो.