घरातले थेटर

पोळा झाला, तान्हा पोळा झाला, आणि मग आमच्या घरी होम थिएटर घ्यावयाचे ठरले. 'ठरले' हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरतो. कारण ते कोणी ठरविले हे आजपर्यंत कोणाला सांगता आलेले नाही. चिरंजीवांचे म्हणणे, मोबाईलवर सिनेमा पाहणे म्हणजे खिडकीच्या फटीतून लग्न पाहणे. कन्येचे म्हणणे, खालच्या टीव्हीचा आवाज इतका मोठा असतो की वरच्या खोलीत बारावीचा अभ्यास होत नाही. आणि आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, एवढा मोठा आवाज ठेवूनही बाबांना जर काही कळत नाही, तर मग तो कोणासाठी? तिघांची दुखणी तीन, पण औषध मात्र एकच निघाले.

बाबा म्हणजे माझे वडील. वय 81. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. सिनेमाचे वेड त्यांना तरुणपणापासूनचे. यात्रेतल्या तंबूत, बायकांची बाजू निराळी आणि पुरुषांची बाजू निराळी, अशा बसण्याने त्यांनी सिनेमे पाहिले; आणि नोकरी लागल्यावर एस.टी.ने अमरावती गाठून, शेवटची गाडी चुकवूनही पाहिले. अमरावतीला सिनेमाच्या धंद्यात मोठा मान. 'मध्यप्रांत व वऱ्हाड' हे नाव 1950 साली सरकारी नकाशावरून पुसले गेले, विदर्भ पुढे 1956 साली मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला. पण चित्रपटाच्या वितरकांच्या वह्यांत आमचा मुलूख अजून 'सी. पी. बेरार'च आहे! राज्यकर्त्यांनी तीनदा हद्दी बदलल्या, सिनेमावाल्यांनी एकदाही नाही.

असो. मी आणि चिरंजीव अमरावतीस गेलो. दुकान मोठे होते, नाव सांगत नाही. आत शिरताच एका तरुणाने आम्हाला काळोख्या खोलीत बसविले आणि विमाने पडण्याचा एक प्रसंग लावला. माझ्या पोटातले पाणी हलले. चिरंजीवांच्या मुद्रेवर मोक्ष मिळाल्याची कळा आली.

"किती वॅटचे?" मी विचारले. आपल्याला या विषयातले काही कळते हे दाखविण्यासाठी मनुष्य हाच प्रश्न विचारतो.

"सर, पाच हजार!"

वाचकांपैकी कोणी या वाटेने जाणार असेल, तर त्यांनी इथे जरा थांबावे. खोक्यावर 'पी.एम.पी.ओ.' या चार अक्षरांपुढे जो आकडा छापतात, त्याला कुंडलीतल्या राजयोगाइतकाच अर्थ असतो. क्षणार्धात यंत्र जास्तीत जास्त किती ओरडू शकेल याचा तो एक कल्पनाविलास आहे. यंत्र सातत्याने किती ताकद देते ते 'आर.एम.एस.' या आकड्यात असते, आणि तो बहुधा बारीक अक्षरांत असतो. त्यातही गंमत अशी की, वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. शंभरांचे दोनशे वॅट केले तर वाढ होते 3 डेसिबलची, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढी. कानाला दुप्पट वाटावा असा आवाज हवा असेल तर ताकद सुमारे दहापट लागते. आमच्या बारा बाय पंधराच्या बैठकीला शंभर-दीडशे खऱ्या वॅटांत सगळे काही होते. हे ज्ञान मला घरी परत आल्यावर झाले, हे सांगावयास नकोच.

पूर्वी होम थिएटर म्हणजे एक डी.व्ही.डी. प्लेअर आणि त्याच्याभोवती तारांचे जाळे असे. आता तबकड्यांचे दिवस गेले. टीव्हीखाली ठेवावयाची एक लांब पट्टी, तिला साउंडबार म्हणतात. एक जड डबा, तो सबवूफर. आणि पाठीमागे ठेवावयाचे दोन लहान स्पीकर, असे सगळे एकाच खोक्यात येते. '5.1' हा जो मंत्र दुकानदार म्हणतात त्याची फोड अशी: समोर डावा, मधला, उजवा आणि मागे दोन, हे झाले पाच, आणि तो '.1' म्हणजे नुसत्या धडधडाटाचा वेगळा प्रवाह. यांपैकी खरा कर्ता तो मधला. सिनेमातले बहुतेक सारे संवाद त्यातूनच येतात. थेटरात तो पडद्याच्या मागे असतो, आणि पडद्याला बारीक बारीक भोके असतात म्हणून आवाज थेट पात्राच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. '2.1' लिहिलेल्या स्वस्त पट्टीत हा मधला नसतो. डाव्या-उजव्याने मिळून त्याचा आभास निर्माण करावयाचा असतो. आम्ही 5.1चे घेतले, एवढे एक शहाणपण नकळत घडले. चौदा हजार रुपये दिले आणि खोके मांडीवर घेऊन मोर्शीस आलो.

जोडणीला गल्लीतला एक मुलगा आला. पंखे, मोटारी, कूलर सगळे दुरुस्त करतो. त्याने टीव्हीच्या पाठीमागे डोके घातले आणि आतूनच विचारले, "सर, कोनत्या भोकात लावू जी? इथं तं तीन सारखेच आहेत."

तीन सारखे नव्हते. एच.डी.एम.आय.च्या एकाच भोकाजवळ बारीक अक्षरांत 'ए.आर.सी.' असे लिहिलेले असते. टीव्हीतला आवाज उलट पावली बाहेर येऊन पट्टीत जावयाचा तो त्याच वाटेने. दुसऱ्या भोकात तार घातली की चित्र टीव्हीवर दिसते आणि पट्टी मुकी राहते. मग मंडळी दुकानदाराला फोन करतात. शिवाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज बाहेर पाठविण्याची आज्ञा द्यावी लागते. ब्लूटूथनेही जोडता येते, पण मग पुष्कळदा पात्राचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात. हा प्रकार सभांत चालतो, सिनेमात चालत नाही. आणि 'वायरलेस' म्हणून जे मागचे स्पीकर मिळाले, त्यांनाही विजेची तार लागतेच. चिरंजीव यामुळे काही काळ उदास होते.

सबवूफर कोठे ठेवावा यावर घरात मतभेद झाले आणि तो दिवाणाशेजारी कोपऱ्यात गेला. पहिल्या रात्री सिनेमा लागला. कपाटातले स्टीलचे पेले थरथरले, शेजारचा कुत्रा भुंकला, चिरंजीव म्हणाले, "बाबा, एकदम थेटर!" मीही मान डोलाविली. चौदा हजार दिल्यावर मान डोलवावीच लागते.

माझे वडील पहिले दोन दिवस सगळ्यांबरोबर बसले. तिसऱ्या दिवशी त्यांना लवकर झोप आली. चौथ्या दिवशी पाठीत चमक होती. पुढे तर साडेआठला जेवून ते आपल्या खोलीत जाऊ लागले, आणि आम्हाला, खरे सांगावयाचे तर, बरे वाटले. कारण 'काय म्हणाला तो?' हा त्यांचा प्रश्न बंद झाला होता. आठवडा गेल्यावर सौभाग्यवतींनी मला विचारले, "अहो, बाबा शेवटचे हसले कधी, आठवते का?" मला आठवेना. मग आठवले ते निराळेच. गेले वर्षभर ते आम्ही हसलो की हसत. आमच्याआधी कधीही हसत नसत.

मी त्यांच्या खोलीत गेलो. पुष्कळ आढेवेढे घेतल्यावर ते म्हणाले, "तुझ्या यंत्राचा आवाज येतो रे भरपूर. शब्द येत नाहीत."

मी मराठीचा अध्यापक. वीस वर्षे वर्गात वर्णमाला, स्वर, व्यंजने, घोष, अघोष हे फळ्यावर लिहीत आलो. आणि या एका वाक्याचा अर्थ मला कळावयास आणखी दोन दिवस आणि अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरांचा तक्ता लागला! वय झाले की कान सगळे एकदम सोडीत नाही. आधी जातात ते उंच पट्टीचे ध्वनी. स्वरांचे बळ मुख्यत्वे खालच्या पट्टीत असते. 'आ', 'ओ', 'ऊ' यांनीच आवाज मोठा वाटतो. पण स, श, ख, फ, त, ट ही जी अघोष मंडळी, त्यांची सळसळ आणि टिचकी वरच्या पट्टीत, आणि मुळातच क्षीण. म्हातारपणी स्वर शाबूत राहतात आणि व्यंजने गळतात. साप, ताप, काप, पाप हे चारही शब्द मग एकाच 'आप'वर येऊन थांबतात. म्हणजे माणसाला आवाज येतो आणि शब्द येत नाहीत. बाबांनी जे सांगितले ते शास्त्राच्या दृष्टीने अगदी नेमके होते, आणि आम्ही त्यावर इलाज काय केला, तर खालच्या पट्टीचा धडधडाट करणारा डबा आणून त्यांच्या दिवाणाशेजारी ठेवला!

आमच्याच तालुक्यातले रिद्धपूर. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे लीळाचरित्र सिद्ध केले. चक्रधरांची लीळा ज्याने पाहिली-ऐकली, त्याच्याकडे जाऊन ती ऐकून घ्यावयाची, असा त्यांचा क्रम. दरवर्षी हे शिकविताना मी 'ऐकून घेणे' या शब्दावर बरेच बोलतो. मुले लिहूनही घेतात.

तेव्हा यंत्राची मांडणी पुन्हा पहिल्यापासून केली. सबवूफर कोपऱ्यातून काढला. दोन भिंती आणि जमीन मिळते तिथे त्याची धडधड सर्वांत जास्त फुगते. त्याची पातळी अगदी खाली आणली. पट्टी टीव्हीच्या कप्प्यात आत सरकविलेली होती, ती पुढे कडेला ओढली. मधल्या स्पीकरची पातळी तीन-चार पायऱ्यांनी चढविली. रिमोटवर 'व्हॉइस' नावाचे एक बटण होते. चिरंजीवांनी ते 'म्हाताऱ्यांचे' म्हणून सोडून दिले होते. संवादाची पट्टी तेवढी ते उठावदार करते. 'नाइट' नावाचे दुसरे. मोठे आवाज ते दाबते आणि लहान आवाज वर उचलते. नव्या सिनेमात कुजबुज आणि स्फोट यांत इतके अंतर ठेवलेले असते की, एका हाताने आवाज वाढवावा आणि दुसऱ्याने कमी करावा. हे दुसरे बटण लावल्यापासून वरच्या मजल्यावरची बारावीही सुखात आहे.

राहिली खोली. आमच्या बैठकीत खाली फरशी, वर स्लॅब, समोर उघडी भिंत. शब्द एकदा कानात येतो आणि भिंतीवरून पुन्हा येतो. जाड सतरंजी अंथरली, खिडक्यांना पडदे लावले, आणि माझे पुस्तकांचे उघडे कपाट मागच्या भिंतीला आणले. पुस्तकांच्या कमीजास्त कडांवर आवाज विखुरतो म्हणतात. माझ्या पुस्तकांचा घराला झालेला हा पहिला उपयोग, असे कन्येचे मत पडले. (उन्हाळ्याचा प्रश्न मात्र बाकी आहे. वऱ्हाडात चैत्रापासून मृगापर्यंत कूलर चालू असतो, आणि कूलरपुढे जगातले कोणतेही यंत्र हरते.)

एक कबूल केले पाहिजे. जुन्या लाकडी पेटीतल्या टीव्हीला स्पीकर काचेच्या शेजारी, तोंडासमोर असे. 1987 साली 'रामायण' सुरू झाले तेव्हा मी शाळकरी होतो. एका खोलीत चाळीस माणसे बसत आणि शेवटच्यालाही शब्द कळत. आताचा टीव्ही पुठ्ठ्याएवढा पातळ. त्याचे स्पीकर खाली जमिनीकडे नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून असतात. म्हणजे यंत्र आणणे चुकले नव्हते. पण यंत्राने कान काही परत येत नाहीत. डॉक्टरांनी तक्ता दाखवून सांगितले, कानाला लावावयाचे उपकरण घ्या, आणि पहिले काही आठवडे त्यांना चिडू द्या. बाबा चिडलेही. पहिल्या दिवशी म्हणाले, वर्तमानपत्र चुरगळल्याचा आवाज गोळीबारासारखा येतो. दुसऱ्या दिवशी उपकरण डबीत गेले. चौथ्या दिवशी पुन्हा कानात आले.

नवरात्रात एका रात्री 'संत तुकाराम' लावला. प्रभातचा, 1936 सालचा. मुंबईत तो वर्षाहून अधिक चालला होता. बाबांनी तो किती वेळा पाहिला याला गणती नाही. जुने बोलपट एकाच प्रवाहात मुद्रित झालेले. त्यांना पाच स्पीकरांचा काही उपयोग नाही. सगळ्या स्पीकरांतून तोच आवाज काढला तर शब्दांचा काला मात्र होतो. मागचे दोन बंद केले, सबवूफरची तार काढून ठेवली. चौदा हजारांच्या यंत्रातला एक मधला स्पीकर तेवढा बोलत होता.

बाबा पुढे वाकून ऐकत होते. आवलीचे एक वाक्य आले आणि ते हसले. आम्ही कोणी हसलो नव्हतो. आमचे तिकडे लक्षच नव्हते. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले.

मला काय करावे सुचेना, म्हणून मी स्वयंपाकघराकडे तोंड करून मुलाला हाक मारली, "अरे, बाबांना थोडं पानी आन."

"पाणी," पडद्यावरची नजर न काढता माझे वडील म्हणाले. "आण. दोन्ही बाणातले ण. मराठीचा प्रोफेसर ना तू?"

मी स्वतःच उठलो आणि पाणी आणले.