मुरुडच्या किनाऱ्यावर सतरावे शतक

शिडाची होडी राजपुरीचा धक्का सोडते. जंजिऱ्याचा तट वाढत जातो, पण दरवाजा मात्र अगदी जवळ जाईपर्यंत सापडत नाही. पुस्तकातली दहा पाने वाचून जे उमगत नाही, ते या पाण्यावर क्षणात उमगते. म्हणूनच मुरुडमध्ये दरवर्षी शिवकाळाची जत्रा भरायला हवी.

कॅलिफोर्नियात १९६३ साली फिलिस पॅटरसन या शिक्षिकेने जुन्या इंग्लंडची जत्रा उभी केली. आज अमेरिकेत अशा जत्रा ठिकठिकाणी भरतात. लोहार भट्टी पेटवतात आणि पाहुणेही त्या काळचा पेहराव करून येतात. हे सारे इंग्लंडपासून हजारो मैल दूर! मुरुडसमोर मात्र खरेच दोन किल्ले समुद्रात उभे आहेत: सिद्दींचा जंजिरा आणि त्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधवलेला पद्मदुर्ग.

जानेवारी २०१६ च्या रायगड महोत्सवात कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी शिवकाळ उभा केला होता. तो देखणा होता, पण नेपथ्य उतरते. मुरुडच्या जत्रेला नेपथ्यापेक्षा हातांची गरज आहे.

हे हात इथेच आहेत. परबानावर शीड चढवणारे खलाशी, जाळी विणणारे कोळी. पद्मदुर्गाच्या तटाचे दगड लाटांनी झिजले, त्यांच्यामधला चुना मात्र टिकला. तसा चुना घाणीत मळताना मुलांना पाहता आला पाहिजे. लाय पाटलाची कथाही इथल्याच पाण्यावर सांगावी. या सोनकोळ्याने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. पेशवे मोरोपंतांची माणसे हल्ल्यासाठी वेळेवर पोहोचली नाहीत. तरीही महाराजांनी त्याला पालखी देऊ केली. दर्यावर्दीला पालखी काय कामाची, असे त्याने म्हटल्यावर ‘पालखी’ नावाचे गलबत बांधून दिले, असे परंपरा सांगते.

आणि सिद्दींना नुसते खलनायक करून चालणार नाही. आफ्रिकेतून आलेल्या या दर्यावर्दींनी जंजिरा शेवटपर्यंत कोणाच्या हाती लागू दिला नाही. त्यांचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. त्यांची जहाजे, त्यांच्या तोफा, त्यांचा कारभार यांना जत्रेत मानाची जागा हवी. शत्रूची ताकद लपवली, तर पद्मदुर्ग बांधण्याची जिद्द तरी कशी कळणार?

जंजिरा संरक्षित स्मारक आहे, तेव्हा मांडव किनाऱ्यावरच पडावेत आणि किल्ल्यात फक्त माहितीच्या फेऱ्या व्हाव्यात. दिवाळीनंतर दर्या निवलेला असतो. मुरुड आणि राजपुरीच्या कोळीवाड्यांना विचारून तारखा ठरवाव्यात, आणि होड्यांच्या भाड्याचा पैसा त्यांच्याच हाती पडावा.