दुसरी डिस्क पेटीबाहेर

घरी मीडिया सर्व्हर बसवून घ्यायला आलेला गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती टीबीची डिस्क घेऊ?’ हाच. आपल्यापैकी बरेच जण लगेच आकडा सांगून मोकळे होतात. मग टू-बे की फोर-बे, मिरर की रेड-५, कोणती कंपनी, हे ठरतं आणि संध्याकाळपर्यंत कोटेशन तयार होतं. ही डिस्क एक दिवस बंद पडणार आहे आणि त्या दिवशी या घराचं काय होईल, हा विषय या सगळ्यात कुठेच येत नाही. निवड करताना खरं तर पहिला विचार त्या दिवसाचा व्हायला हवा. म्हणून या अंकात आमचा एक आग्रह आहे. गिऱ्हाइकाकडे दोनच डिस्कांचे पैसे असतील, तर दुसरी डिस्क नॅसच्या पेटीत बसवू नका. ती पेटीबाहेर राहू द्या.

मिररचं आकर्षण आम्ही समजू शकतो. एक डिस्क गेली तरी टीव्हीवरचा सिनेमा थांबत नाही, हे दाखवायला छान असतं. पण मिरर म्हणजे चालू कामाची हमी, प्रत नव्हे. घरातल्या कुणी चुकून फोल्डर उडवलं, की ते दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी उडतं. विजेचा झटका आला तर दोन्ही डिस्कांना एकाच पॉवर सप्लायमधून येतो. चोर पेटी उचलतो तेव्हा दोन्ही डिस्का सोबत जातात. जून २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ पेट्या इंटरनेटवरून परस्पर पुसल्या गेल्या. जानेवारी २०२२मध्ये ‘डेडबोल्ट’ या रॅन्समवेअरने इंटरनेटला उघड्या ठेवलेल्या क्यूनॅपच्या नॅस कुलूपबंद करून खंडणी मागितली. अशा वेळी आत किती डिस्का आहेत आणि त्या मिरर आहेत की नाहीत, याला काहीच अर्थ उरत नाही. वेगळी ठेवलेली प्रत असेल तोच सुटतो.

मग आकडा कसा काढायचा? गिऱ्हाइकाला आधी हे विचारा, की यातलं काय पुन्हा मिळणार नाही? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं. सिनेमे आणि मालिका यांनी डिस्कचा मोठा भाग व्यापलेला असतो, पण त्या पुन्हा मिळवता येतात. वेळ जाईल, चिडचिड होईल, इतकंच. पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. १९९०च्या दशकातल्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून आणलेली असते आणि मूळ कॅसेटवर आता बुरशी चढलेली असते. आजोबांनी म्हटलेल्या अभंगांचं टेपवरचं रेकॉर्डिंग असतं, तीन जुन्या मोबाइलमधून गोळा केलेले फोटो असतात. कॅसेट डीव्ही स्वरूपात उतरवली तरी तासाला सुमारे १३ जीबी लागतात. म्हणजे दहा-बारा कॅसेटी आणि सगळे फोटो मिळूनही हा ऐवज बहुतेक घरांत एक-दोन टीबीच्या पुढे जात नाही. तेव्हा दुसरी डिस्क पहिलीइतकी मोठी असायला हवी असं नाही. नॅसमध्ये आठ टीबीची एक चांगली डिस्क आणि बाहेर दोन टीबीची यूएसबी डिस्क, ही जोडी आठच्या दोन डिस्कांच्या मिररपेक्षा स्वस्त पडते आणि घराला जास्त उपयोगी ठरते.

फोर-बे आणि पॅरिटी यांना आमचा विरोध नाही. संग्रह खरोखरच मोठा असेल तर त्याला पर्याय नाही. पण तिथे डिस्कचा प्रकार पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. एसएमआर डिस्कवर ट्रॅक मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधला एक बदलायचा तर त्याच्यापुढची अख्खी ओळ पुन्हा लिहावी लागते. एकदाच सलग लिहायचं असेल तर ही डिस्क काही वाईट नाही. यूएसबी पोर्टेबल डिस्का बहुतेक याच प्रकारच्या असतात आणि प्रतीसाठी त्या खुशाल वापराव्यात. खरी अडचण रीबिल्डच्या वेळी येते. २०२०च्या एप्रिलमध्ये उघड झालं, की वेस्टर्न डिजिटलने नॅससाठी म्हणून विकलेल्या ‘रेड’ मालिकेतल्या दोन ते सहा टीबीच्या काही डिस्का एसएमआर होत्या आणि खोक्यावर तसा उल्लेख नव्हता. ‘सर्व्ह द होम’ या तांत्रिक प्रकाशनाने चार टीबीच्या डिस्का घेऊन झेडएफएसवर रीबिल्ड करून पाहिलं. ज्यांचे ट्रॅक एकमेकांवर चढवलेले नसतात त्या सीएमआर डिस्कांचं काम १७ तासांच्या आत उरकलं, त्या एसएमआर डिस्कला नऊ दिवसांहून अधिक लागले. त्या नऊ दिवसांत एकाच डिस्कची पॅरिटी असलेल्या ॲरेला कसलंही संरक्षण नसतं. दुसरी डिस्क गेली की सगळा संग्रह गेला. पुढे कंपनीने सीएमआर डिस्कांसाठी ‘रेड प्लस’ हे वेगळं नाव आणलं, आणि याविषयी अमेरिकेत दाखल झालेला दावा २०२१मध्ये २७ लाख डॉलरांवर मिटला.

म्हणून बिलावर ‘४ टीबी नॅस हार्ड डिस्क’ असं मोघम लिहू नका. पूर्ण मॉडेल नंबर लिहा आणि पुढे सीएमआर की एसएमआर तेही लिहा. त्या ‘रेड’ डिस्कांच्या मॉडेल नंबरात ‘ईएफआरएक्स’ म्हणजे सीएमआर आणि ‘ईएफएएक्स’ म्हणजे एसएमआर, असा एका अक्षराचाच फरक होता. डेस्कटॉपसाठीच्या स्वस्त डिस्कांत, उदाहरणार्थ सीगेट बाराकुडामध्ये, एसएमआर सर्रास आढळतं. आयर्नवुल्फ, रेड प्लस आणि तोशिबाची एन-३०० या मालिका सीएमआर आहेत. नॅसच्या डिस्कमध्ये आणखी एक गोष्ट मिळते. खराब सेक्टर आला की ती साधारण सात सेकंद प्रयत्न करते आणि हात वर करते. मग उरलेल्या डिस्कांवरून ॲरे तो भाग भरून काढतो. डेस्कटॉप डिस्क मात्र वाचण्याचा हट्ट बराच वेळ सोडत नाही, आणि तेवढ्यात कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढू शकतो. डिस्क एकटीच असेल तर हा हट्ट उलट उपयोगाचा असतो.

पॅरिटीचा हिशेबही एकदा कागदावर मांडून पाहा. आठ टीबीच्या चार डिस्कांच्या रेड-५मधली एक गेली, तर उरलेल्या तिन्ही मिळून २४ टीबी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सरासरी वेग सेकंदाला १५० एमबी धरला तरी याला पंधरा तासांच्या आसपास लागतात, आणि तेही त्या काळात घरच्यांनी सर्व्हर वापरला नाही तर. अनेक डिस्कांच्या पत्रकावर १०^१४ बिटांमागे वाचनाची एक चूक मान्य केलेली असते. हे प्रमाण साडेबारा टीबीला एक असं पडतं. प्रत्यक्षात चांगल्या डिस्का याहून बऱ्याच सरस वागतात. पण पत्रकावर हमी नसलेल्या गोष्टीच्या भरवशावर गिऱ्हाइकाचा संग्रह ठेवू नये. मोठ्या ॲरेसाठी १०^१५ची डिस्क घ्या, किंवा दोन डिस्कांची पॅरिटी ठेवा.

सीसीटीव्हीचं काम करणाऱ्यांकडे सर्व्हेलन्स डिस्का पडून असतात आणि त्याच नॅसमध्ये बसवल्या जातात. त्या चालतात, पण त्यांचं फर्मवेअर दिवसरात्र लिहीत राहण्यासाठी बेतलेलं असतं. मीडिया सर्व्हरवर एकदा लिहिलेलं पुन:पुन्हा वाचायचं असतं. किमतीत थोडाच फरक असेल तर नॅसचीच डिस्क द्या.

आता कोऱ्या मालाविषयी. जानेवारी २०२५मध्ये ‘हाइझ’ या जर्मन प्रकाशनाने दाखवून दिलं, की हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्का मीटर शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या जात होत्या. त्या ‘चिया’ या डिजिटल चलनाच्या मायनिंगमध्ये वापरलेल्या असाव्यात, असा संशय होता. तिथे फसलेल्यांत साधे ग्राहक होते, तसे सरळ मार्गाने धंदा करणारे विक्रेतेही होते. स्मार्टची नोंद पुसलेली असली तरी सीगेट डिस्कच्या ‘फार्म’ नोंदीत खरे तास सापडत होते. स्मार्टसीटीएलच्या नव्या आवृत्तीत ती नोंद वाचता येते. काउंटरवर डिस्क जोडून दोन्हीकडचे तास ताडून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. फार्मची सोय फक्त सीगेटमध्ये आहे. इतर कंपन्यांच्या डिस्कांचे कनेक्टर भिंगातून पाहा, लेबलवरचा आणि डिस्कने सांगितलेला सीरियल नंबर जुळतो का ते पाहा, आणि तोच नंबर कंपनीच्या वॉरंटी तपासणीत टाका. पॅरलल इम्पोर्टचा माल असेल तर भारतात वॉरंटी नाही, हे तिथेच कळतं. लॅमिंग्टन रोडवरून आणा की घरपोच मागवा, डिस्क गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी. रिफर्बिश्ड डिस्क विकण्यात गैर काही नाही. ती तशी सांगून विकावी आणि बिलावर तसं लिहावं.

वेगाची चिंता आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त केली जाते. फोर-के ब्लू-रेचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ एमबी. साधी ५४०० फेऱ्यांची एकच डिस्क अशी अनेक चित्रं एकाच वेळी पुरवू शकते, आणि गिगाबिट वायरवरून ११० एमबी सहज जातात. फोर-के अडकत असेल तर आधी टीव्हीचा लॅन पोर्ट तपासा. तो पुष्कळदा १०० मेगाबिटचाच असतो. सिनेमा फॉरमॅट बदलून दाखवावा लागत असेल तर गरज चांगल्या प्रोसेसरची आहे. डिस्का वाढवून तो प्रश्न सुटत नाही.

उष्णतेचा मात्र धाक असू द्या. घरगुती नॅसच्या पत्रकावर भोवतालच्या हवेची मर्यादा सहसा ४० अंश दिलेली असते. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, सेट-टॉप बॉक्स आणि ॲम्प्लिफायरच्या शेजारी काय होत असेल, ते थर्मामीटर ठेवून बघा. सुताराकडून मागचं प्लाय कापून जाळी बसवून घेण्याचा खर्च डिस्कच्या किमतीपुढे किरकोळ आहे. यूपीएस घ्यायचा तो यूएसबी डेटा पोर्ट असलेलाच घ्या. वीज गेल्याचा निरोप नॅसला पोचला तरच ती स्वतःला नीट बंद करते. नुसत्या इन्व्हर्टरवर तसा निरोप कुणी देत नाही. टू-बे नॅस सरासरी २० वॅट ओढत असेल तर महिन्याला सुमारे साडेचौदा युनिटं होतात. गिऱ्हाइकाला हेही आधीच सांगून ठेवावं.

पेटी निवडताना पेटीच गेली तर काय, हेही पाहा. सिनॉलॉजीने एप्रिल २०२५मध्ये आपल्या नव्या प्लस मालिकेत स्वतःच्याच छापाच्या डिस्का लागतील असं जाहीर केलं आणि ऑक्टोबरमध्ये ते बव्हंशी मागे घेतलं. मध्ये ज्यांनी कोटेशनं दिली त्यांची पंचाईत झाली असणार. नॅस मेली तर त्यातल्या डिस्का साध्या लिनक्स संगणकावर वाचता येतील का, हे खरेदीपूर्वी कंपनीच्या कागदपत्रांत पाहून घ्या. सिनॉलॉजीच्या डिस्का तशा वाचता येतात.

आता पेटीबाहेरची डिस्क ठेवायची कुठे? ती दुसऱ्या खोलीत ठेवली तर चोरीपासून थोडा बचाव होतो, पुरापासून नाही. जुलै २०२१मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं जे गेलं, ते सगळंच एकदम गेलं. चिपळूणच्या आईवडिलांची प्रत पुण्याच्या मुलीकडे असावी, आणि मुलीची त्यांच्याकडे. दोन यूएसबी डिस्का घेऊन दर भेटीत अदलाबदल करता येते. फायबर असेल तर रात्री आपोआपही प्रत पाठवता येते. अनेक जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे पोर्ट उघडून काम होत नाही, आणि पोर्ट उघडूही नये. वायरगार्डवर चालणारं टेलस्केलसारखं साधन लावलं की दोन्ही घरांतल्या पेट्या एकमेकींना दिसतात आणि बाहेरच्यांना दिसत नाहीत.

काम सोपवताना एक चाचणी गिऱ्हाइकासमोर करा. त्याच्याच एखाद्या फोल्डरची प्रत झाली आहे याची खात्री करून घ्या, ते फोल्डर नॅसवरून उडवा आणि बाहेरच्या डिस्कवरून परत आणून दाखवा. ते त्याच्याच हातून करून घेतलंत तर अधिक बरं. त्यानंतर पैसे घ्या, आणि बिलाच्या मागे दोन्ही डिस्कांचे मॉडेल नंबर, सीरियल नंबर आणि पुढच्या तपासणीचा महिना लिहून द्या.