विश्लेषण : विश्वचषक जिंकला, पण करिअरचे काय? प्रियांका इंगळे आणि बीडच्या मुलींसमोरचा प्रश्न

दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये १९ जानेवारी २०२५ रोजी भारतीय महिला खो-खो संघाने नेपाळला ७८-४० असे हरवले आणि पहिलावहिला खो-खो विश्वचषक जिंकला. करंडक उचलणारी कर्णधार होती प्रियांका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातील केज तालुक्याची. ‘बीडची लेक जगज्जेती’ म्हणून तिचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मात्र कौतुक ओसरल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो. केज, धारूर किंवा वडवणीच्या शाळेत आज खो-खो खेळणाऱ्या मुलीने प्रियांकासारखे व्हायचे ठरवले, तर तिच्यासाठी रस्ता कुठे आहे?

विश्वचषकात नेमके काय घडले?

महिला गटात १९ संघ होते. भारताने साखळी फेरीत दक्षिण कोरियाला १७५-१८, इराणला १००-१६ आणि मलेशियाला १००-२० असे हरवले. उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशवर १०९-१६, तर उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेवर ६६-१६ अशी मात केली. सहा सामने, सहा विजय. त्यातल्या त्यात झुंज दिली ती अंतिम फेरीत नेपाळने.

प्रियांकाची ओळख आक्रमक खेळाडू म्हणून आहे. फुटबॉलमध्ये आघाडीची खेळाडू गोल करण्यासाठी असते, तसे खो-खोमध्ये आक्रमकाने गडी टिपून गुण मिळवायचे असतात. खांबावरची झेप, सूर मारून गडी बाद करणे आणि योग्य क्षणी ‘खो’ देणे हे या खेळाचे भांडवल. विश्वचषकातील नियमांनुसार सात-सात मिनिटांच्या चार डावांत हा खेळ झाला. कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असलेल्या ‘वजीर’मुळे तो आणखी वेगवान झाला. अशा खेळाला लहान वयापासूनची तालीम लागते आणि रोज मॅटवर सराव करावा लागतो.

गाव बीडचे, मैदान पुण्याचे

प्रियांकाचे मूळ केजचे असले, तरी खेळाडू म्हणून ती घडली पुणे, पिंपरी-चिंचवड परिसरात. तिथे खो-खोचे जुने क्लब आहेत, प्रशिक्षक आहेत, वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा आहेत. या खेळाचे पहिले नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये तयार केले, असे मानले जाते. म्हणजे तिथे या खेळाला शंभर वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे.

म्हणूनच तिच्या यशाचे श्रेय जिल्ह्याने घेताना थोडे थांबायला हवे. बीडने गुणवत्ता दिली, पण व्यवस्था दिली ती दुसऱ्या शहराने. कामासाठी पुण्याची वाट धरणे मराठवाड्याला नवे नाही. आता खेळासाठीही तीच वाट धरावी लागत असेल, तर ज्यांच्या घरच्यांना पुण्यात बस्तान बसवणे जमत नाही, त्या मुलींचा खेळ तालुका पातळीवरच संपतो.

आयर्लंडच्या फुटबॉलपटूची गोष्ट काय सांगते?

हा प्रश्न फक्त बीडचा किंवा खो-खोचा नाही. आयर्लंडची आघाडीची फुटबॉलपटू स्टेफनी रोच हिने ऑक्टोबर २०१३ मध्ये देशांतर्गत लीगमध्ये पीमाउंट युनायटेडकडून एक अफलातून गोल केला. सामन्याला प्रेक्षक मोजकेच होते, पण व्हिडिओ जगभर पसरला. ‘फिफा’च्या २०१४ च्या पुष्कास पुरस्कारासाठी अंतिम तिघांत पोहोचलेली ती पहिली महिला ठरली. कोलंबियाच्या हामेस रॉड्रिगेझपाठोपाठ तिला दुसरे स्थान मिळाले.

त्यानंतर काय झाले? गोल कोट्यवधींनी पाहिला, पण पगार देऊ शकणारी लीग तेव्हा तिच्या देशात नव्हती. ती फ्रान्सला गेली, मग अमेरिकेत ह्यूस्टनला. तिथला मुक्काम काही महिन्यांतच आटोपला. पुढे इंग्लंड, इटली आणि शेवटी पुन्हा पीमाउंट. एका गोलने तिला प्रसिद्धी दिली, स्थैर्य दिले नाही.

आयर्लंडमध्ये बदल झाला तो खेळाडूंनी तोंड उघडल्यावर. एप्रिल २०१७ मध्ये राष्ट्रीय संघातील मुलींनी डब्लिनमध्ये पत्रकार परिषद घेतली. संघाचे ट्रॅकसूटही परत करावे लागतात आणि विमानतळाच्या स्वच्छतागृहात कपडे बदलावे लागतात, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. ऑगस्ट २०२१ मध्ये पुरुष व महिला संघांना समान मानधन देण्याचा करार झाला. त्यासाठी पुरुष खेळाडूंनी आपले मानधन कमी करून घेतले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲम्बर बॅरेटच्या गोलमुळे आयर्लंडने ग्लासगोत स्कॉटलंडला १-० असे हरवले आणि २०२३ च्या महिला विश्वचषकात प्रथमच प्रवेश मिळवला. तिकडे आधी सोयी आणि मानधन आले, मग विश्वचषक. आपल्याकडे विश्वचषक आधी आला आहे. बाकीचे अजून यायचे आहे.

लीग आहे, पण कोणासाठी?

‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक लीग २०२२ मध्ये पुण्यात सुरू झाली. दुसरा हंगाम २०२३-२४ मध्ये कटकला झाला. सहा संघ, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, खेळाडूंना करारानुसार पैसे. पण हे दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे होते. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९६० च्या दशकापासून सुरू आहे, तरीही व्यावसायिक लीग सुरू करताना मुलींचा विचार मागे पडला.

क्रिकेटमध्ये काय झाले, हे ताजे उदाहरण समोर आहे. ‘बीसीसीआय’ने ऑक्टोबर २०२२ मध्ये महिला व पुरुषांसाठी समान सामना शुल्क जाहीर केले आणि मार्च २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. खो-खोकडे क्रिकेटसारखा पैसा नाही, हे खरे. पण जगज्जेत्या संघातील मुलींना वर्षातून काही आठवडे तरी खेळाचे पैसे मिळावेत, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

बक्षीस मिळते, मग अडचण कुठे?

बक्षिसाचे आकडे राज्यागणिक बदलतात. विश्वचषकानंतर कर्नाटकच्या चैत्रा बी. आणि गौतम एम. के. यांनी तिथल्या सरकारने जाहीर केलेले प्रत्येकी पाच लाख रुपये नाकारले. महाराष्ट्र आपल्या खेळाडूंना सव्वादोन कोटी रुपये आणि नोकरी देत असल्याचा दाखला त्यांनी दिला. या बाबतीत महाराष्ट्राचे धोरण उजवे आहे, हे मान्य करायला हवे. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणही आहे.

शेजारच्या धाराशिवची सारिका काळे हे त्याचे चांगले उदाहरण. तिच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. एकेकाळी घरी एकच वेळचे जेवण मिळायचे, असे तिने त्या वेळी सांगितले होते. नोकरी मिळाल्यावर घर सावरले.

पण बक्षीस आणि नोकरी शिखरावर पोहोचलेल्यांना मिळते. तिथवर जाण्याची दहा-बारा वर्षे घरच्यांनाच काढावी लागतात. बीडच्याच आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेला ही वर्षे लष्कराने दिली. बारावीनंतर तो सैन्यात गेला, तिथे धावपटू झाला आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकले. पगार, आहार, प्रशिक्षक हे सारे त्याला एकाच ठिकाणी मिळाले. गावातल्या मुलीसाठी असा तयार रस्ता जवळपास नाही.

बीडमध्ये मुलींचा खेळ कधी थांबतो?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील सुमारे ४४ टक्के महिलांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. ज्या वयात खेळाडू घडतो, त्याच वयात बोहल्यावर चढवले जाते. त्यात ऊसतोडीचे स्थलांतर. दिवाळीच्या आसपास कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. मुलगी फडावर गेली की शाळा सुटते, सराव सुटतो आणि संघातली जागाही जाते.

गंमत अशी की खो-खो हा कदाचित सर्वांत स्वस्त खेळ आहे. २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद मैदान आणि दोन खांब, बास. अडचण साहित्याची नाहीच. मुलीला गावात, शाळेत आणि मैदानावर टिकवून ठेवण्याची आहे.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट जिल्ह्याच्या हातातली आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. या वसतिगृहांना मैदान आणि पूर्णवेळ प्रशिक्षक जोडले, तर हंगामातही सराव चालू राहील. आई-बापांनाही मुलगी मागे ठेवण्याचे एक ठोस कारण मिळेल. दुसरी गोष्ट राज्याची : पदक जिंकल्यावर देण्याच्या कोट्यवधींपैकी थोडा वाटा १४ ते १९ वयाच्या मुलींना दरमहा शिष्यवृत्ती म्हणून द्यावा. तिसरी गोष्ट महासंघाची : पुढच्या लीगमध्ये महिलांचे सामने हवेतच.

प्रियांका इंगळेने आपले काम चोख केले आहे. तिचे फलक लावणे सोपे होते आणि ते लागलेही. आता केजमध्ये एक मॅट आणि एक प्रशिक्षक द्यायला किती वर्षे लागतात, त्यावरच जिल्ह्याला आपल्या लेकीचा अभिमान किती खरा आहे, हे ठरेल.