आधी दुरुस्ती, मग बदली



गाडीचा विषय आपण घरातल्या पुरुषांवर सोडतो, पण साताऱ्याहून सांगलीला निघालेली लेक वाटेत कराडला अडकली तर जीव आपलाच टांगणीला लागतो. म्हणून लिहिते.

जुन्या गाडीचे इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते आणि समोर किल्लीचे चित्र लुकलुकते, तेव्हा इमोबिलायझर बिघडलेला असू शकतो. किल्लीत एक चिप असते. इग्निशनभोवतीची कॉइल तिचा कोड वाचते. कोड जुळला तरच इंजिन चालते. वयानुसार सोल्डर सुटते, ओलीने गंज चढतो. २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना ओलीबद्दल वेगळे काय सांगू?

मेकॅनिक लगेच ‘मॉड्यूलच बदला’ म्हणाला, तर घाई करू नका. आधी दुसरी किल्ली लावून पाहा. मग बॅटरी, फ्यूज, कनेक्टर आणि कॉइल तपासायला सांगा. मॉड्यूल खोलून दुरुस्त होते का तेही विचारा. बदलायचेच ठरले, तर कोडिंगसह खर्च लेखी घ्या. ‘बायपास करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा, चोराला वाट मोकळी होते. दुसरी किल्ली मात्र पहिली चालू असतानाच करून ठेवा.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहनेही आहेत. दुरुस्ती मागणे म्हणजे चिकटपणा नव्हे. मी कॉमर्सची, म्हणून सांगते: घसाऱ्याने वहीतली किंमत उतरते, गाडीचा उपयोग नाही.